जुलैतले खड्डे मोजू नका, मे महिन्यातली सावली मोजा : आमच्या महापालिकेला खुलं पत्र

मा. आयुक्त साहेब, उद्यान विभाग आणि बांधकाम विभागाचे सगळे अधिकारी, आणि आमच्या प्रभागाचे चारही नगरसेवक, सगळ्यांना नमस्कार.

मी तुमच्याच शहरात अकरा वर्षांपासून आशा ताई म्हणून काम करते. शहराचं नाव इथे लिहीत नाहीये, ज्यांना पत्र आहे त्यांना ते बरोबर कळेल, आणि विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्या शहरातल्या माणसाने वाचलं तर त्यालाही आपलाच रस्ता आठवेल असं मला वाटतं. माझ्याकडे साडेतीनशेच्या वर घरं आहेत. गरोदर बायांच्या भेटी, लेकरांचे डोस, टीबीच्या गोळ्या, बीपी-शुगरवाल्यांची यादी, आणि उन्हाळ्यात घरोघरी ओआरएसची पाकिटं. म्हणजे एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊला निघालं की दोन वाजेपर्यंत मी पायीच असते. त्यामुळे या भागातलं कोणतं झाड कुठे आहे आणि किती वाजता त्याची सावली कुठवर येते हे मला तोंडपाठ आहे, कारण माझी रोजची वाट मी सावलीवरूनच ठरवते. पवारांच्या किराण्यापासून अंगणवाडीपर्यंत जवळचा रस्ता सोडून मी लांबून जाते, कारण लांबच्या रस्त्यावर दोन कडुनिंब आहेत.

परवा आमच्या मेन रस्त्यावरच्या नऊ झाडांना नोटीस लागली. रस्ता सिमेंटचा होणार, बाजूने ड्रेनेजची नवीन लाईन जाणार, म्हणून पाच कडुनिंब, तीन करंज आणि एक चिंच काढायची, हरकत असेल तर सात दिवसांत कळवा. नोटीस प्लास्टिकच्या पाकिटात घालून खोडात खिळा ठोकून लावली आहे. मी लेखी हरकत दिली, पोच पण घेतली. पण एवढ्याने मन मानेना. कारण याच नोटिसीच्या चार दिवस आधी पेपरात बातमी होती की येत्या पावसाळ्यात शहरात हजारो झाडं लावणार, फोटोपण होता. एका हाताने उभी झाडं काढायची आणि दुसऱ्या हाताने रोपं लावायची, हे मला पटत नाही, आणि ते गप्प बसून पटवून घेता पण येत नाही म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

आधीच सांगते, मी रस्त्याच्या विरोधात नाही. पावसाळ्यात नाली तुंबून गुडघाभर पाण्यातून मी बाळंतपणाच्या बाईला ऑटोपर्यंत आणलंय, ड्रेनेज पाहिजेच आणि रस्ताही पाहिजेच. माझं म्हणणं एवढंच की रस्ता म्हणजे फक्त गाड्या जायची जागा नाही, त्याच्या कडेने माणसं चालतात, भाजी विकतात, बसची वाट बघतात, कामाच्या आशेने सकाळी ठिय्यावर उभी राहतात. या माणसांसाठी सावली हा रस्त्याचाच भाग आहे, जसा दिव्याचा खांब आहे तसा. दिवा बंद पडला तर तक्रारीचा नंबर असतो. सावली गेली तर कुठे कळवायचं?

बसस्टॉपजवळच्या करंजाचं सांगते, कारण तो माझ्या डोळ्यांसमोर मेला.

चांगला मोठा करंज होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळायची, वाटायचं आता ऊनच ऊन, पण एप्रिल लागला की अशी चमकदार पोपटी पानं फुटायची आणि मे च्या ऐन कडाक्यात खाली गच्च सावली. त्याच्या खाली एक काकू भाजी घेऊन बसायच्या, मी या कामाला लागले त्याच्याही आधीपासून. मी तिथे दहा मिनिटं टेकायचे, रजिस्टर लिहायचे, काकूंच्या माठातलं पाणी प्यायचे. मग तीन-चार वर्षांपूर्वी फूटपाथला पेव्हर ब्लॉक बसवायचं काम निघालं. पेव्हरच्या खाली सिमेंटचा थर टाकला आणि तो थर थेट खोडाला भिडवला, बोटभरही माती ठेवली नाही. त्याच खोडात आधीच एक जुनं लोखंडी ट्री गार्ड रुतलेलं होतं, रोप लहान असताना लावलेलं, कोणी काढलंच नाही, आणि झाड जाड होत होत त्या सळया गिळत गेलं. पहिल्या उन्हाळ्यात शेंड्याच्या फांद्या वाळल्या. दुसऱ्या वर्षी पानं आली पण लहान लहान, विरळ. खालून ऊन दिसायला लागलं. काकू रोज संध्याकाळी उरलेलं पाणी बुंध्याशी ओतायच्या, ते पाणी सिमेंटवरून वाहून नालीत जायचं, मी बघितलंय. तिसऱ्या जूनमध्ये वादळात तो पडला, खाली उभ्या गाडीवर पडला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणायला लागले की रस्त्यावरची जुनी झाडं धोकादायक असतात.

झाड धोकादायक नव्हतं हो. त्याला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं खोल जमिनीत नसतात, वरच्या हात-दीड हात मातीत पसरलेली असतात, त्यांना पाण्याबरोबर हवाही लागते. वरून सिमेंट ओतलं की ती गुदमरतात, आणि लाईन टाकायला जेसीबीने खोदताना एका बाजूची जाड मुळं तुटली की झाडाची पकडच जाते. मग वारा आला की पडणारच.

काकूंनी नंतर छत्री लावली. छत्रीखाली ऊन लागत नाही असं वाटतं पण खालून पेव्हर भाजतात, बाजूने गाड्यांची झळ येते. मागच्या वर्षी मे मध्ये मी बाराच्या सुमारास तिथून जात होते तर काकू काहीतरी असंबद्ध बोलत होत्या, भेंडी मागितली तर वांगी तोलत होत्या. कपाळाला हात लावला, अंग तापलेलं आणि घाम नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं एवढंच डोळ्यासमोर आलं, अंग तापलेलं, भ्रम, घाम बंद, म्हणजे उष्माघात असू शकतो, वेळ घालवायचा नाही. शेजारच्या पानठेल्यावरचा बर्फ, ओली चादर, ऑटो, दवाखाना. वाचल्या, देवाची कृपा. पण आता त्या धंद्याला बसत नाहीत, सून सकाळी दोन तास बसते आणि दहाला उठते. काकू मला म्हणाल्या, "ओ बाई, सावली होती तं गिऱ्हाईक दोन मिन्टं उभं राहे, भाव करे. आता गाडीवरूनच इचारते अन् निंगून जाते." म्हणजे तब्येतही गेली आणि गिऱ्हाईकही गेलं.

आता त्याच रस्त्यावरची उरलेली नऊ काढणार.

साहेब, एक गोष्ट तुमच्या इंजिनिअर लोकांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार, तरी लिहिते. आपल्याकडे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागतो २५ मे ला, आणि त्याच आसपास आपल्या भागात शून्य सावली दिवस येतो, नागपूरला २६ मे च्या सुमारास, अकोला-अमरावतीकडे एक-दोन दिवस आधी, चंद्रपूरला त्याच्याही आधी. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट उन्हात चार मजली बिल्डिंगसुद्धा फूटपाथवर वीतभर सावली देत नाही, खांबाची नाही, भिंतीची नाही, होर्डिंगची नाही. त्या वेळी रस्त्यावर सावली देऊ शकते ती फक्त डोक्यावर पसरलेली फांदी. आणि हे कोणत्या भागात, तर जिथे चंद्रपूरला जून २००७ मध्ये ४९ अंश नोंदवलं गेलंय आणि नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९.

कोरोनाच्या वेळी आम्हाला ताप बघायची गन दिली होती, ती माझ्याकडे अजून चालते. एप्रिलमध्ये एका सकाळी साडेदहाला मी ती सहज फूटपाथवर धरली. उन्हातल्या पेव्हरवर आकडाच आला नाही, मशीनच्या मर्यादेबाहेर गेल्याची खूण आली. चार पावलं पुढे कडुनिंबाखालच्या पेव्हरवर धरली तर आकडा आला. तोच फूटपाथ, तेच पेव्हर, चार पावलांचा फरक. दोन-तीनदा करून बघितलं. अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था सांगते की झाडाच्या सावलीतला पृष्ठभाग भर उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा ११ ते २५ अंशांनी थंड असू शकतो. मला तो आकडा नंतर वाचायला मिळाला, पण चपलेच्या तळव्यातून तो फरक आम्हाला आधीपासून कळतो, आणि जे पोट्टे अनवाणी खेळतात त्यांना तर जास्तच कळतो.

सावली हा अर्धाच भाग. आपल्याकडे घरोघरी कूलर आहे, कूलर थंड का करतो तर ताट्यांवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. झाड तेच करतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, ती आजूबाजूच्याच हवेतून जाते. मोठं झाड पाणी मिळालं तर दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी असं सोडू शकतं. वीज नाही, मोटर नाही, बिल नाही. उलट एसी आतलं घर थंड करतो आणि गरम हवा गल्लीत फेकतो, जिथे टिनाच्या घरातले लोक रात्री खाटा टाकून झोपायचा प्रयत्न करत असतात. आमच्या वस्तीत रात्री एक वाजता भिंतीला हात लावा, गरम लागते. सिमेंट दिवसभर प्यालेलं ऊन रात्रभर सोडत राहतं, आणि अंगाला रात्री आराम मिळाला नाही की दुसऱ्या दिवशी माणूस लवकर कोसळतो, खास करून म्हातारे आणि शुगर-बीपीवाले.

आता माझ्या तक्रारी सांगते. कोणा एका माणसावर राग नाही, बरेच साहेब चांगले बोलतात, ऐकून घेतात. पण कामाची पद्धत चुकून राहिली आहे.

सगळ्यात मोठी तक्रार ही की तुम्ही जुलैत रोपांसाठी खणलेले खड्डे मोजता. राज्यातही तसंच झालं, २०१६ ला दोन कोटी, मग चार, मग तेरा, मग २०१९ ला तेहतीस कोटी झाडांचं टार्गेट होतं, सगळी चर्चा लावण्याच्या आकड्याची. आमच्या रस्त्याला तीन वर्षांपूर्वी पाहुणे आले, मंडप टाकला, शाळेची पोरं उन्हात उभी केली, चाळीस रोपं लावली. मी मोजली होती, कारण पोरांना पाणी द्यायची ड्युटी माझीच होती. पुढच्या होळीपर्यंत अकरा राहिली. मे संपेपर्यंत दोन. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोपाला पाणी लागतं, आणि नेमका त्याच वेळी टँकर येत नव्हता, विचारलं तर उत्तर मिळालं लावायचं टेंडर वेगळं होतं, पाणी घालायचं निघालंच नाही. वस्तीतल्या बाया धुण्याचं पाणी घालत होत्या म्हणून ते दोन जगले.

आणि पाणी नाही असं कृपा करून सांगू नका. नागपूरचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्रापर्यंत जातं, मग शुद्ध केलेलं पाणी टँकरने रोपांपर्यंत जायला काय हरकत आहे?

दुसरं, कोणती झाडं लावता ते. डिव्हायडरवर पाम लावता. दिसायला छान, मान्य आहे, पण डिव्हायडरवर कोणी चालत नाही आणि पामची सावली एका माणसालाही पुरत नाही. कंपाउंडला ते उंच सरळ अशोक लावता, तेही तसंच. काही ठिकाणी कोनोकार्पस लावलाय, लवकर वाढतो म्हणून, ज्याच्यावर गुजरातने २०२३ मध्ये बंदी आणली. बहावा मला स्वतःला फार आवडतो, पिवळे घोस बघून जीव सुखावतो, पण तो ऐन उन्हाळ्यात पानं टाकून देतो, त्याच्याखाली बसस्टॉप करून उपयोग नाही. बागेत लावा, कडेला मधून मधून लावा. पण जिथे माणूस उभा राहतो तिथे असं झाड पाहिजे ज्याला मे मध्ये पानं असतात. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ, पिंपळ, मोह. ही सगळी आपल्या मातीत रुजलेली, आपलं ऊन सोसलेली. तारांखाली लहान अंगाचं लावायचं असेल तर बकुळ आहे, हळू वाढतो पण सावली दाट. ही निवड करायला परदेशी कन्सल्टंट लागत नाही, गावाकडून आलेल्या कोणत्याही म्हाताऱ्या बाईला विचारा.

छाटणीचंही तसंच. दरवर्षी मे मध्ये पावसाळ्याच्या आधीची छाटणी म्हणून माणसं येतात आणि तारांच्या नावाखाली झाड अर्धं करून जातात. एका बाजूच्या सगळ्या फांद्या, सरसकट, कुऱ्हाडीने. ज्या महिन्यात सावली पाहिजे त्याच महिन्यात छत काढून नेतात, वर झाड एका बाजूला कलतं ते वेगळंच. वाळकी, मोडकी, तारेवर टेकलेली फांदी मे मध्ये काढा, तिथे कोणाचा जीव जाऊ नये. बाकी छाटणी हिवाळ्यात होऊ शकते ना, शिकलेल्या माणसाच्या हाताने आणि करवतीने.

खिळे, होर्डिंगच्या तारा, रोषणाईच्या माळा याबद्दल मी जास्त लिहीत नाही, तुम्हाला दिसतंच. पण तुमची स्वतःची नोटीस तरी खिळ्याने ठोकू नका.

आणि ही भरपाईची झाडं. कायदा चांगला आहे आपला. १९७५ पासून राज्यात शहरांतल्या झाडांसाठी वेगळा कायदा आहे, त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची आहे. २०२१ च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावून सात वर्षं जपायची असं सांगितलंय. आमच्या नऊपैकी शाळेसमोरचा कडुनिंब शाळा सुरू झाली तेव्हा उभा होता असं वस्तीतले तीन म्हातारे सांगतात, आणि शाळेच्या पाटीवर १९६८ लिहिलंय. मग नोटिसीत त्याचं वय तीस कसं आलं? कोणी मोजलं, कसं मोजलं? आणि भरपाईची रोपं कुठे लावणार तर शहराबाहेर, डंपिंग यार्डच्या पलीकडे. तिथे लावा, जरूर लावा, पण शाळेसमोर दुपारी साडेबाराला लेकराची वाट बघत उभ्या असलेल्या आईला तिथल्या झाडाचा काय उपयोग? सहा किलोमीटरवरून सावली येत नाही.

शेवटची तक्रार ही की झाडं जिथे आधीच आहेत तिथेच अजून लागतात. बंगल्यांच्या कॉलनीत रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं आहेत, मला त्यांचा हेवा नाही, त्या लोकांनी जपली आहेत. पण जिथे टिनाचं छप्पर आहे, दहा बाय दहाची खोली आहे, कूलर पण आळीपाळीने चालतो, तिथे फूटपाथच नाही म्हणून झाड नाही असं सांगतात. दवाखान्याबाहेरची लाईन, अंगणवाडीचं दार, रेशन दुकान, ठिय्या, ऑटो स्टँड. माणूस उन्हात बळजबरीने उभा राहतो अशा या जागा आहेत. मी यादी करून ठेवली आहे, आमच्या प्रभागात अशा तेवीस जागा निघाल्या, कोणाला पाहिजे असेल तर देते.

मला माहीत आहे तुम्ही काहीच करत नाही असं नाही. सिग्नलवर हिरव्या जाळ्या लावल्या, फार बरं झालं, गाडीवाल्यांना दोन मिनिटं आराम मिळतो. दवाखान्यात उष्माघाताचा थंड वॉर्ड केला, काकूंना त्याचाच उपयोग झाला. अहमदाबादला २०१० च्या मे मध्ये उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ माणसं जास्त गेली, त्यानंतर २०१३ ला त्यांनी हीट ॲक्शन प्लॅन केला, मग तो आपल्याकडेही आला, आणि आम्ही आशा त्यातूनच ओआरएस वाटतो. हे सगळं लागतं. पण वॉर्ड म्हणजे माणूस पडल्यावरची सोय झाली, आणि जाळी जूनमध्ये निघते. पडूच नये म्हणून जे लागतं ते झाड आहे, आणि ते आज लावलं तर पाच-सहा वर्षांनी कामाला येतं. करंज किंवा कडुनिंब, नीट खड्डा, काळ्या मातीत मुरूम-शेणखत मिसळून, तीन उन्हाळे पाणी, एवढं केलं तर पाच-सहा वर्षांत चार माणसं उभी राहतील एवढी सावली येतेच, आमच्या अंगणवाडीच्या मागे आलेली आहे. म्हणून तर उभी झाडं एवढी मोलाची. ती नऊ झाडं काढली तर त्या रस्त्यावरची निदान पंधरा-वीस वर्षांची सावली तुम्ही एका आठवड्यात संपवता.

बाकीच्या जगात लोक हे करून राहिले. कोलंबियातलं मेदेयीन शहर घ्या, तिथे २०१६ पासून रस्त्यांच्या आणि नाल्यांच्या कडेने हिरवे पट्टे केले, तीसच्या आसपास, आणि तिथलं तापमान दोन अंशांनी उतरल्याचं त्यांची महापालिका सांगते, कामासाठी वस्त्यांमधल्याच लोकांना माळीकाम शिकवलं. सिंगापूरने १९६३ मध्ये पंतप्रधानांच्या हाताने झाड लावून मोहीम सुरू केली आणि मग पंतप्रधान बदलले तरी ती मोडली नाही. २०२३ मध्ये युरोपातल्या ९३ शहरांचा अभ्यास आला, त्यात असं निघालं की झाडांचं छत ३० टक्क्यांपर्यंत नेलं असतं तर शहरी उष्णतेमुळे गेलेल्या माणसांपैकी एक तृतीयांशच्या वर माणसं वाचू शकली असती. तिथलं ऊन आपल्या उन्हापुढे काहीच नाही.

आता आपल्या वस्तीतल्या लोकांनाही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. पानांचा कचरा होतो म्हणून, दुकानाचा बोर्ड झाकतो म्हणून, गाडी लावायला जागा पाहिजे म्हणून आपणच झाडाच्या बुंध्याशी उकळतं पाणी ओततो, ॲसिड टाकतो, खोडाची साल सोलतो. आणि त्याच झाडाखाली दुपारी गाडी लावायला भांडतो. हे बंद करा भाऊ. महापालिकेला जाब विचारायचा तर आपले हात आधी स्वच्छ पाहिजेत. माझ्या गल्लीतल्या बारा घरांनी एकेक रोप वाटून घेतलंय, पाणी घालतात, सांगितलं की ऐकतात लोक, फक्त कोणी तरी दारात जाऊन सांगावं लागतं. तुम्ही म्हणाल तर आम्ही आशा आणि अंगणवाडी ताई मिळून प्रत्येक रोपाला एक घर जोडून देतो, घरं आम्हाला माहीतच आहेत.

मागण्या साध्या आहेत.

नऊ झाडांची नोटीस थांबवा आणि ड्रेनेजची लाईन रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने घ्या. तिथे एकही झाड नाही, मी चालत जाऊन बघितलंय, नकाशा घेऊन तुमच्या इंजिनिअर साहेबांनीही बघावं. काही अडचण असेल तर ती लेखी सांगा, समजून घेऊ.

शहरातल्या प्रत्येक रस्त्यावरच्या झाडाभोवतीचं सिमेंट आणि पेव्हर चारही बाजूंनी एकेक मीटर काढा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी हाच आदेश दिला होता. पावसाच्या आधी काढा म्हणजे यंदाचंच पाणी मुळांना मिळेल, आणि ब्रेकर-जेसीबी न लावता माणसांच्या हाताने सब्बलने काढा, नाहीतर मुळंच तुटतील. रुतलेले ट्री गार्ड कापून काढा. पुढे नवीन फूटपाथ करताना झाडाची जागा आधी आखा आणि मग पेव्हर मागवा.

कॉन्ट्रॅक्टरला रोप लावल्याचं सगळं बिल देऊ नका. थोडं लावताना द्या, बाकी तीन उन्हाळ्यांत वाटा, आणि दर वर्षी ३१ मे ला रोप जिवंत दिसलं तरच द्या. मेलं तर त्याच्या खर्चाने दुसरं. टँकर कोणत्या वारी येणार ते प्रत्येक गल्लीत लिहून लावा, आला नाही तर आम्ही फोटो पाठवू.

प्रत्येक प्रभागाची यादी उघड करा, किती लावली, कुठे लावली, कोणती लावली, मागच्या मे मध्ये किती जिवंत होती. घरपट्टीच्या बिलावर वृक्ष कर अशी ओळ असते, आम्ही तो भरतो, तर त्या पैशाचा हिशोब त्याच यादीत पाहिजे.

आणि यंदाची पहिली रोपं त्या तेवीस जागांवर लावा, सहा-आठ फुटांची, मे मध्ये पानं राखणारी. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर आधी पश्चिमेच्या बाजूला लावा म्हणजे तीन-चार वाजताचं ऊन अडेल. तोपर्यंत त्या जागांवर हिरवी जाळी आणि पाण्याचा माठ एवढं याच आठवड्यात होऊ शकतं.

एक विनंती आहे आयुक्त साहेब. २६ मे ला नवतपाच्या दुसऱ्या दिवशी माझी नेहमीची फेरी आहे. सकाळी साडेअकराला बसस्टॉपपासून निघून शाळेवरून, दवाखान्यावरून, ठिय्यावरून अंगणवाडीपर्यंत. सव्वा तास लागतो. तुम्ही, उद्यान विभागाचे साहेब आणि रस्त्याचे इंजिनिअर, जमेल त्यांनी माझ्यासोबत पायी या. गाडी बसस्टॉपला सोडा. बारा वाजून दहा मिनिटांनी आपण शाळेसमोरच्या त्या कडुनिंबाखाली असू, टेप मी आणते, त्याच्या बुंध्याचा घेर सगळ्यांसमोर मोजू आणि नोटिसीतलं वय बरोबर आहे का ते तिथेच ठरवू. ओआरएसचं पाणी आणि दुपट्टे माझ्याकडे असतील.

आपली,
तुमच्या शहरातली एक आशा ताई